फिल्म लावलेली खिडकी

सानपाड्यातल्या तळमजल्याच्या घरात ऊन फार यायचं, म्हणून केतनने खिडकीला चकचकीत फिल्म लावून घेतली. ऊन अडलंच, शिवाय बाहेरून काच म्हणजे नुसता आरसा झाली.

वडील गेल्यापासून त्यांचे मित्र नामदेवकाका दर शनिवारी दिवेलागणीला यायचे आणि तेच ते जुने किस्से सांगत बसायचे. आता बेल वाजली तरी केतन सोफ्यावर गप्प बसून राही. काका खिडकीशी जरा थांबत, "घरान कोनी नाय वाटतं," असं मोठ्याने म्हणत आणि निघून जात.

एकदा केतन ऑफिसातून अंधार पडल्यावर घरी आला. आत दिवे लागले होते आणि खिडकीतून सोफ्यावर बसलेली बायको लख्ख दिसत होती. म्हणजे काकांनी दर शनिवारी आपल्याला पाहिलं होतं!

तो तसाच पावणे गावात काकांकडे गेला. काका ओटीवर दिव्याखाली चष्म्याशिवाय पेपर वाचत होते.

"काका, आमच्या खिडकीतून तुमाला..."

काकांनी पेपरची घडी घातली.


"मना कुठं दिसतंय रं आता!"