पेटीत घालायचे बूट

बुटांचे दोन्ही जोड माझ्या उशाशी आणून ठेवा, असं अँब्रोजने सकाळपासून तीनदा सांगितलं, तेव्हा कुठे दुपारी त्याच्या मुलाने, सिल्वेस्टरने, ते माळ्यावरून काढले. एक जोड अँब्रोजचा स्वतःचा, अस्सल विलायती. तीस वर्षांपूर्वी ठाण्याच्या खाडीवर रेल्वेचा पूल बांधला तेव्हा तो मुकादम होता, आणि काम संपल्यावर साहेबाने त्याला ते बूट बक्षीस दिले होते. दुसरा जोड कल्याणच्या पंढरी मोच्याने सिल्वेस्टरसाठी नुकताच त्यावर बघून शिवलेला. रंग तोच, टाच तीच. पठ्ठ्याने तळाला खोटा विलायती शिक्कासुद्धा ठोकून दिला होता.

पाद्रीबाबा आदल्या दिवशीच मरणाऱ्याला लावायचं शेवटचं तेल लावून गेले होते. अँब्रोजला आता औषधाची फिकीर नव्हती की पेजेची. त्याला एकच घोर लागला होता. आपल्याला पंढरीचे बूट घालून पुरतील आणि खरे बूट पोरगा लाटेल.

संशयाला कारण होतं. पावसाच्या तोंडावर सिल्वेस्टर कल्याण स्टेशनात रुळांचे सांधे बदलणारा सांधेवाला म्हणून लागणार होता. चार महिने रुळांमधल्या पाण्यात उभं राहायचं काम, आणि पंढरीचे बूट तर दोन सरींतच तोंड वासणारे. त्यात सून सुझाना परसात शेजारणीला म्हणाली होती, की पेटीत निजलेल्या माणसाच्या बुटांचे तळ कोण बघतो. अँब्रोजचे डोळे गेले होते, पण कान शाबूत होते. तळच तर बघतात, तो मनाशी म्हणाला. माणूस आडवा झाला की पायथ्याशी उभ्या असलेल्यांना दुसरं दिसतं काय? नाताळला, ईस्टरला आणि लग्नकार्याला तो हेच विलायती बूट घालून चर्चमध्ये मिस्सेला गेला होता, आणि इतक्या वर्षांत आळीत दुसऱ्या कोणाच्या पायात तसा जोड आला नव्हता. शेवटचंही त्याला त्याच बुटांत जायचं होतं.

कबर खोदणारा ऑस्वल्डही खाटेजवळ येऊन बसला होता. तब्येत विचारायला आलो म्हणत होता. तो आपली लांबी मोजतो आहे, अशी अँब्रोजची खात्री होती.

अँब्रोजने हात पुढे केला. पहिल्या जोडातल्या उजव्या बुटात त्याने बोटं घातली. आतलं कातडं सपाट आणि कडक होतं. मग दुसऱ्या जोडातला उजवा बूट घेतला. त्यात त्याच्या वाकड्या करंगळीने पाडलेला खळगा बोटाला बरोबर सापडला. ओळख पटली.

तो जोड छातीशी धरून गप्प पडला असता तर गोष्ट तिथेच मिटली असती. पण म्हाताऱ्याला नुसते बूट नको होते, पोराच्या पोटात काय आहे तेही बघायचं होतं. त्याने आपला जोड मुद्दाम बाजूला सारला आणि पंढरीचा जोड पोटावर ओढून घेतला.

"हेच माजे. होय ना रे, सिल्वेस्टर?"

सिल्वेस्टरने बाजूला सारलेल्या जोडाकडे पाहिलं. दाराशी सुझाना तांदूळ निवडत होती, तिचं सूप थांबलं.

"होय बाबा," तो म्हणाला. "हेच तुजे."

चोर पकडला म्हणजे आपल्याला बरं वाटेल, असं अँब्रोजला वाटलं होतं. बरं वाटलं नाही. याच पोराला खांद्यावर बसवून त्याने गावभर मिरवलं होतं, आणि आता तेच पोर त्याला फसवत होतं. त्या रागातच त्याने फर्मान काढलं, की मग तो दुसरा नकली जोड घरात कशाला हवा, ऑस्वल्डला देऊन टाका, बिचारा अनवाणी माती उपसतो.

ऑस्वल्डने दोनदा विचारलं नाही. बूट काखेत मारून तो उठला. अँब्रोज कान लावून पडला. पोराने एक शब्द बोलावा, एवढंच त्याला हवं होतं. बाबा, थांब, ते तुझे आहेत, मला हवे होते म्हणून खोटं बोललो. तसं बोलला असता तर आपण काय केलं असतं, हे त्याचं त्यालाही ठाऊक नव्हतं. ऑस्वल्ड ओटा उतरला. फाटक कुरकुरलं. सिल्वेस्टर बोलला नाही. बापापुढे खोटा ठरण्यापेक्षा बूट गेलेले त्याला परवडले.

"घाल मग पायात," अँब्रोज म्हणाला. "बगू दे कसे बसतान ते."

सिल्वेस्टर पायथ्याशी बसला. बापाची पावलं सुजली होती, तरी त्याने न दुखवता एकेक बूट चढवला आणि नाड्या बांधायला घेतल्या.

"चावतान रे."

"नवे हायत, बाबा," नाडीच्या गाठीत गुंतलेला सिल्वेस्टर म्हणाला, "दोन दिस चावतीलच."

आणि त्याचे हात गाठीवरच थांबले. सुझानाने तोंडाला पदर लावला. अँब्रोज आतल्या आत पायांची बोटं हलवून बघत होता. दोन दिवस तरी आपल्यापाशी आहेत की नाहीत, देव जाणे.

"बसलास काय?" तो म्हणाला. "जा, ऑस्वल्डला गाठ, बूट परत आन. पावसात तुला लागतील. अजून तल्यापर्यंत पोचला नसंल."