सुकटीचा डबा

गावाहून आलेल्या तांडेलमावशींनी हातातली पिशवी खाली ठेवायच्या आधीच सुकटीचा डबा उघडला. आठ दिवसांपूर्वी शेजारच्या जोगवहिनींकडे किल्ली देताना तो काठोकाठ भरलेला होता. अजूनही तसाच होता.

दारात उभ्या जोगवहिनींना कुठे बघावं ते कळेना. फोनवर त्या रोज सांगायच्या, "खाल्लं हो तुमच्या चिंगीनं, ताटली चाटूनपुसून!" खरं तर जन्मात मासळीला हात न लावलेल्या वहिनींनी पहिल्याच दिवशी नाक धरून डब्याचं झाकण परत लावलं होतं. त्या दूधभात ठेवत. मांजरीनं तीन दिवस तो नुसता हुंगला, आणि चौथ्या दिवशी गॅलरीतून उतरून गेली ती गेलीच.

मावशी चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "वहिनी, एका शब्दानं बोलला असता, तर खालच्या रेश्माला सांगून गेले असते ना मी."

मग रोज संध्याकाळी मावशींच्या गॅलरीत डबा खुळखुळू लागला. पूर्वी त्या आवाजाला चिंगी असेल तिथून धावत यायची.

पाचव्या दिवशी मावशींचे गुडघे आखडले. वहिनी न बोलावताच आल्या. गॅलरीत जाऊन त्यांनी डबा खुळखुळवला, मग सरळ हात घालून मूठभर सुकट बाहेर काढली.

"चिंगेऽ, ये गं. बघ, काय आणलंय!"

दिवेलागण झाली. सुकट डब्यात परत टाकून वहिनी घरी आल्या आणि हात न धुताच बसून राहिल्या.