रोज एकच प्रकरण

पोथीतलं बेलाचं पान चार दिवस हललंच नव्हतं. रोज एक अध्याय सासूबाईंना वाचून दाखवायचा हा माझा नेम. पण लेक नलिनी सासरी गेल्यापासून डोळे ओळींवरून नुसते फिरायचे. आवडीच्या कादंबऱ्याही सुटल्या होत्या. दृष्टी गेलेल्या सासूबाई म्हणाल्या, “चार रोजापासून तोच अध्याय वाचून राहिली सूनबाई.” मी चरकले. “मग बोलल्या का नाही?” “मले वाटलं, तुले आवडला. देवाले चालते, मले कंटाळा आला बाप्पा. ते सौंसरच्या लायब्ररीतलं पुस्तक वाच.” पुढचा अध्याय वाचला, देवाला ‘हेही नेमानं, रोज एकच प्रकरण’ असं सांगितलं आणि कादंबरी उघडली. प्रकरण संपताच सासूबाईंनी सवयीनं हात जोडले. हळूच विचारलं, “गोष्टीतली पोरगी घरी परत येते का वं?” मलाही तेच पाहायचं होतं. पण नेम म्हणजे नेम. पुस्तक मिटलं, बोट आतच राहिलं.