तांदळातली निळी रेघ

दिवाळीची आवराआवर म्हणजे दिगंबर सामंतांच्या औषध दुकानाची सुगी. घरोघरची तारीख उलटलेली औषधं उकिरड्यावर जायची आणि नवी त्यांच्याकडूनच यायची. काही वर्षांपासून गोळ्यांच्या स्ट्रिपवर रेघ येत होती, औषधात दम असेतो निळी, दम गेला की पांढरी. तरी दिगंबर गिऱ्हाइकाला सांगत, "रेघेचं काय घेऊन बसलात, तारीख बघा."

त्या जुलैत दरड कोसळून घाट बंद झाला. लेक मृण्मयीची फिटची गोळी काढायला त्यांनी दुकानातलं कपाट उघडलं, तर उन्हाळाभर पश्चिमेचं ऊन खाल्लेल्या साऱ्या स्ट्रिपा पांढऱ्याफटक. तारखेला अजून वर्ष होतं. गोळी चुकली की मृण्मयीला फिट ठरलेली.

दिगंबर शेजारच्या जैतुनचाचींकडे धावले. त्यांच्या गेलेल्या नवऱ्याला तीच गोळी होती.

"चाची, चाचांच्या गोळ्या टाकल्यात का हो?"

"तूच सांगितलं होतंस ना टाकायला? तारीख जाऊन तीन वर्षं झाली." चाचींनी तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला. "तुझं ऐकणारी असते तर आज रिकाम्या हातानं गेला असतास. घे, गार नि कोरड्या राहिल्यात."

रेघ गर्द निळी होती. डॉक्टरांनी फोटो बघून फोनवरच होकार दिला.

घाट उघडेपर्यंत मृण्मयीला एकदाही फिट आली नाही. ही गोष्ट चाचींनी गावभर केली आणि दिवाळीला कुणी निळी स्ट्रिप टाकली नाही. भुर्दंड बसला तो एकट्या दिगंबरांना. सुगी बुडाली, वर कपाटाला जाड पडदा घ्यावा लागला. तो लावायला मृण्मयी स्टुलावर चढली, आणि पहिल्यांदाच त्यांनी तिला "उतर" म्हटलं नाही.