पातेल्यातली इरजिक

"पाया पडाया आलीस का पाय बघाया?" सावित्राबाईंनी विचारलं आणि पडवीतल्या सगळ्या बाया हसल्या.

अनिता वाकून एकेकीचे पाय बघत होती. मावळातल्या तिकोणा पेठ गावात भाताची आवणी, म्हणजे रोपांची लावणी, नुकतीच उरकली होती. दरवर्षी या दिवसांत बायांच्या पायांची बोटं चिखल्यांनी सोलवटून निघायची. यंदा बेचक्या कोरड्या आणि धड होत्या. समोर वाकलेल्या अनिताला प्रत्येक जण आशीर्वाद देत होती. लवकर लगीन होऊ दे, नवरा शहाणा मिळू दे. अनिताचा चेहरा मात्र पायागणिक उतरत चालला होता.

लोणावळ्याच्या प्रयोगशाळेत तिनं ऐनाच्या झाडाच्या सालीचा अर्क घालून एक जेल बनवलं होतं. काचेच्या बशीत वाढवलेल्या कातडीच्या पेशींवर खाचरातलं पाणी सोडलं की त्या मरायच्या. जेल लावलेल्या पेशी तगायच्या. बशीत जमलं ते पायांवर जमतं का, हे बघायला ती इथं आली होती. निम्म्या बायांना अर्काचं जेल दिलं होतं, निम्म्यांना तसंच दिसणारं बिनअर्काचं. कुणाला कुठलं, ते ट्यूबवरच्या आकड्यावरून तिला एकटीलाच कळत होतं. दोन्हींत फरक दिसला नाही तर काम बंद करायचं, असं प्रयोगशाळेतल्या सरांनी सांगून ठेवलं होतं.

आणि फरक दिसत नव्हता. बिनअर्कवाल्यांचे पायही तितकेच छान होते. म्हणजे अर्काचा उपयोगच नव्हता.

शेवटी अंबूबाई पुढं आल्या. इतका वेळ त्या लांब, खांबाला टेकून बसल्या होत्या. त्यांचे पाय लाल होते, बेचक्यांत चिरा होत्या. ट्यूब बिनअर्काची होती. पण एवढ्या जणींत एकीच्या पायानं काय सिद्ध होणार?

जेल रोज लावलं ना, असं अनितानं सगळ्यांना विचारायचं म्हणून विचारलं.

"लावलं की," सावित्राबाई म्हणाल्या. "पर ट्यूबांवर आकडं येगळं. म्हंजी कुणाला चांगलं, कुणाला हलकं. आमी इरजिकीच्या बाया. आज समद्यांनी मिळून हिचं खाचर लावायचं, उद्या तिचं. मग औषदात दुजाभाव कशाला? समद्या ट्यूबा पातेल्यात पिळल्या, कालवल्या आन् वाटून घेतल्या."

अनितानं हातातली नोंदवही मिटली. चाचणीचं पार वाटोळं झालं होतं.

मग हळूहळू तिच्या डोक्यात उजेड पडला. निम्मं अर्काचं, निम्मं बिनअर्काचं. प्रत्येकीच्या पायाला निम्म्याच ताकदीचं जेल लागलं होतं. आणि तेवढ्यानं भागलं होतं.

"अंबूमावशी, तुम्ही नाही कालवलंत?"

"बांधावरनं भांडान हाय माजं हिच्याशी," अंबूबाईंनी सावित्राबाईंकडं हनुवटी उडवली. " यंदा इरजिकीत न्हवते मी. माजी ट्यूब माज्यापाशी."

अनिता हसत सुटली. फोन घेऊन ती अंगणात गेली. चाचणी पुन्हा घ्यावी लागेल, पण काम बंद करायचं नाही, अर्क निम्मा घातला तरी पुरतोय, असं तिनं एका दमात सरांना सांगितलं. सरांनी शांतपणे विचारलं, अर्क नसला की पाय बिघडतात, याचा एक तरी पुरावा आहे का?

आहे, असं म्हणायला ती पडवीकडं वळली.

सावित्राबाईंनी अंबूबाईंचा पाय मांडीवर घेतला होता. पातेल्याच्या बुडाला राहिलेलं जेल बोटानं खरवडून त्या बेचक्यांत भरत होत्या, आणि पुढच्या साली गुमान इरजिकीत यायचं, असं दटावत होत्या. अंबूबाई नाक मुरडत होत्या आणि दुसरा पाय पुढं करत होत्या.

थांबा म्हणायला अनितानं तोंड उघडलं. मग मिटलं.

"होता, सर," ती फोनवर म्हणाली. "आता बरा होतोय."