स्टेअरिंग जड झालं तेव्हा

गहिनीनाथ गाडीखालून सरपटत बाहेर आला. हातात रबरी पाईपाचा तुकडा होता, उभा फाटलेला. तुकडा उजेडात धरून तो म्हणाला, "हाच फुटला हुता."

"कधी फुटला असंल?" शेडच्या उंबऱ्यात बसलेल्या रतनबाईंनी विचारलं.

"घाटातच. आधी फुटता तर तेल तिसगावातच सांडलं असतं."

रतनबाईंनी हात पुढं करून तो तुकडा मागून घेतला.

हिरवी अमेरिकन गाडी वर्षभर पोत्यांखाली झाकून पडली होती. रतनबाईंचे यजमान काकासाहेब हिच्यातच गेले. करंजी घाटाच्या वळणावर गाडी वळलीच नाही, सरळ कठड्यावर गेली. ड्रायव्हर होता कचरू, गहिनीनाथचा थोरला भाऊ. "माझा डोळा लागला," असं त्यानं आपण होऊन फौजदाराला सांगितलं आणि शिक्षा भोगून आला. कचरूच्या झोपेनं मालक खाल्ला, असं लोक त्याच्या तोंडावर म्हणत. तो सुटून आल्यावर रतनबाईंनी त्याला कामावर बोलावणं धाडलं होतं, पण तो गेला नाही. दुष्काळी कामावर खडी फोडायला लागला.

गहिनीनाथला ती झोप कधीच पटली नव्हती. मालट्रक घेऊन रात्र-रात्र जागणारा माणूस भर दुपारी डुलकी घेतो? त्यामुळं गाडी दुरुस्त करायचा रतनबाईंचा निरोप आला, तेव्हा तो हातातलं काम टाकून निघाला. या गाडीचं स्टेअरिंग तेलाच्या दाबावर फिरायचं, एका बोटानं. दोष तिथंच कुठंतरी सापडेल, अशी त्याला आशा होती.

आणि दोष सापडला होता.

स्टेअरिंगच्या दोन्ही जुन्या पाईपांची पितळी टोकं फडक्यात बांधून तो नगरला गेला. बुलडोझरचे पाईप बनवणाऱ्या कारागिराकडून आत तारेची जाळी असलेलं नवं रबर त्या टोकांवर दाबून घेतलं. दोन्ही पाईप बसवले, तेल भरलं आणि इंजिन सुरू केलं. स्टेअरिंगचा पंप आधी रेड्यासारखा रेकला. गहिनीनाथ स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत राहिला. तेलातले बुडबुडे हळूहळू निघून गेले, पंप शांत झाला आणि स्टेअरिंग लोण्यातून सुरी फिरावी तसं फिरू लागलं.

रतनबाई उठून जवळ आल्या. बारीक अंगाची बाई, वर्षभरात आणखीच वाळली होती.

"गहिनीनाथ, एक विचारते. खरं सांग. पाईप फुटल्यामुळंच गाडी वळली नाही का?"

हा प्रश्न यावा म्हणून तर तो आला होता. नुसतं 'व्हय' म्हणायचं होतं, की भावाच्या कपाळावरचा डाग निदान या घरात तरी पुसला गेला असता. पण बाई त्याच्याकडं अशा बघत होत्या, की त्याला ते म्हणवेना.

"पाईप फुटला तरी गाडी वळती," तो खाली बघत म्हणाला. "फकस्त स्टेअरिंग जड पडतं. लई जड. दोन्ही हातांनी अंग टाकून वढावं लागतं."

"मग? नाहीच वढता आलं तर?"

"ज्याच्या अंगात ताकद न्हाई, त्याला न्हाई जमायचं. पर आमचा दादा पैलवान गडी. त्यानं वढलंच असतं." त्यानं फडक्याला हात पुसले. "त्याचा डोळाच लागला असंल, बाईसाहेब. चूक त्याचीच."

रतनबाईंनी डोळे मिटले. छातीवरचा धोंडा कुणी उचलून घ्यावा, तसा त्यांचा श्वास सुटला.

गहिनीनाथच्या अंगाचा तिळपापड झाला. एवढंच ऐकायचं होतं तर हिला! माझ्याच तोंडून माझ्या भावाचा गुन्हा वदवून घेतला आणि आता मोकळी झाली.

"कचरूला बोलावून आण," त्या म्हणाल्या. "त्याच्याबिगर गाडी रस्त्यावर काढायची नाही."

"तो न्हाई येणार."

"तू मला आत्ता जे सांगितलंस, ते त्याला सांग. मग येईल."

कचरू रस्त्याच्या कामावर खडीच्या ढिगाशी बसला होता. डोक्याला फडकं, भुवया धुळीनं पांढऱ्या. गहिनीनाथ त्याच्यासमोर उकिडवा बसला. सांगताना त्याला मान वर करवेना.

"दादा, पाईप फुटला हुता. पर मी बाईसाहेबांना खरं सांगितलं. म्हनलं, तुला वढता आलं असतं. कमजोर मानसालाच जमलं नसतं."

कचरूचा हातोडा हवेतच थांबला.

"असं सांगितलंस?"

"व्हय. माफ कर."

"काय म्हनल्या त्या?"

"म्हनत्यात काय! जीव भांड्यात पडला त्यांचा."

कचरूनं हातोडा खाली ठेवला. मग तो हसला. तुरुंगातून आल्यापासून गहिनीनाथनं त्याला हसताना पाहिलं नव्हतं. "लई बरं केलंस," असं म्हणून त्यानं डोक्याचं फडकं सोडलं, तोंड पुसलं आणि उठून चालायलाच लागला. गहिनीनाथला काही कळेना. तो त्याच्या मागं गेला.

शेडसमोर गाडी उन्हात उभी होती. रतनबाई तिच्यापासून चार हात लांब, पदर घट्ट धरून उभ्या होत्या. कचरूनं त्यांना रामराम केला.

"बस दादा," गहिनीनाथ म्हणाला, "एक चक्कर मारून बघ."

कचरूनं स्टेअरिंगच्या बाजूचं दार उघडलं, पण तो आत बसला नाही. दार धरूनच तो रतनबाईंकडं वळला.

"या वैनीसाहेब, बसा. त्या दिवशी जिथं शिकायचं ऱ्हायलं, तिथनंच सुरू करू."