सायीच्या रंगाची सीट

"कॉफी कलर घ्या सर, डोळे झाकून घ्या," कुंदन म्हणाला. "चिखल, धूळ, सांडलवंड, काही म्हणजे काही दिसत नाही याच्यावर."

मुंबई नाक्याजवळच्या शोरूममध्ये त्याने टेबलावर सीटच्या कापडांचे तुकडे मांडले होते. शेजारी डॅशबोर्डला लावायची लाकडी नक्षीची पट्टी. काचेपलीकडे फोर व्हील ड्राइव्हची नवी पांढरी जीप उभी होती. अश्विनने कॉफी रंगाच्या व्हेलवेटवरून उलटसुलट हात फिरवला. तो पेठच्या हायस्कूलमध्ये शिकवायचा. त्याची बायको, डॉक्टर रोहिणी, तिथेच छोटा दवाखाना चालवायची. पाड्यांवरच्या वाटांनी त्यांची जुनी जीप पार खिळखिळी करून टाकली होती. या वेळी तरी रोहिणीला जरा मऊ बसायला मिळावं, एवढंच त्याच्या मनात होतं.

रोहिणीने सगळ्यात खालचा तुकडा ओढून काढला. सायीच्या रंगाचं साधं रेक्झिन.

"मागच्या सीटला हे लावा."

कुंदन हसला. "मॅडम, हा रंग कुणीच घेत नाही. याच्यावर थेंब पडला तरी उठून दिसतो."

"म्हणूनच हवाय."

"अगं, रोज पेशंट बसणार त्यात," अश्विन म्हणाला. "आठवडाभरात वाट लागेल."

"जुन्या गाडीची सीट कॉफीच्याच रंगाची होती, अश्विन."

व्हेलवेटवरचा त्याचा हात थांबला.

रोहिणी कुंदनकडे वळली. आवाज न चढवता, पेशंटच्या नातेवाइकांना सांगावं तसं तिने सांगितलं.

"भागीबाई म्हणून एक बाई होती. पाड्यावर घरीच बाळंत झाली. अंगावरून जास्त जातंय म्हणून मला बोलावलं. मी गेले, औषध दिलं, रक्त थांबलं. तरी धोका नको म्हणून नाशिकला घेऊन निघाले. गाडी मीच चालवत होते. मागे तिची सासू. सावळघाटात मी दोनदा विचारलं, कशी आहे? सासू म्हणाली, निजली हाय. खाली ती गडद सीट. रक्त पुन्हा सुरू झालं आणि सगळं त्या सीटमध्ये मुरत गेलं. म्हातारी तिला चिकटून बसली होती, पण तिला दिसलं नाही. नाशिकला पोचून मी दार उघडलं, तेव्हा..."

शोरूममध्ये कुणीतरी हॉर्न वाजवून बघत होतं. कुंदनने लांबूनच हात करून त्याला थांबवलं.

मग त्याने बाकीचे तुकडे गोळा करून बाजूला ठेवले. रेक्झिनचा तुकडा घेऊन तो जीपमध्ये मागे जाऊन बसला, दार लावून घेतलं, छतातला दिवा लावला. बराच वेळ तो तुकडा दिव्याखाली धरून बघत राहिला. बाहेर आला तेव्हा त्याच्या बोलण्यातला विक्रेता गेलेला होता.

"डॉक्टर, आतला दिवा पिवळा आहे. त्यात लाल रंग मातकट दिसेल. मी मागे पांढरी ट्यूब बसवून देतो."

"आणि मधे शिवण नको," अश्विन म्हणाला. "शिवणीतून खाली झिरपेल. सीट सलग करा." मग बायकोकडे न बघताच त्याने जोडलं, "ड्रायव्हरच्या सीटला मात्र व्हेलवेट. तिथे माझं ऐकायचं."

रोहिणी पहिल्यांदा हसली. "बरं. तिथे तुझं."

त्याच वर्षी दिवाळीनंतर चांगुणा नावाची मुलगी त्याच घाटातून त्या जीपमधून नाशिकला निघाली होती. पहिलटकरीण, घरी बाळंत झालेली. तिची आई तान्ह्या नातीला मांडीवर घेऊन शेजारी बसली होती. पांढरा दिवा लावलेला होता. अर्ध्या घाटात आई ओरडली, "बाई, थांबा! सीट लाल व्हाया लागली!"

रोहिणीने जीप कडेला घेतली आणि मागे धावली. इंजेक्शन टोचलं, पोटावर मुठीने दाब देत राहिली. ट्रक शेजारून हादरे देत जात होते. रक्त आवरल्याची खात्री पटली तेव्हाच तिने पुन्हा स्टेअरिंग धरलं.

वर्षभराने जीप सर्व्हिसिंगला शोरूममध्ये आली. चांगुणाचा नवरा सातपूरला कंपनीत लागला होता. तिला आणि तिच्या पोरीला त्याच्याकडे सोडायचं म्हणून रोहिणीने बरोबर आणलं होतं. कुंदनने मागचं दार उघडलं. सायीच्या रंगावर मधोमध एक विटकरी डाग होता. घासून घासून फिका झालेला, पण गेला नव्हता.

"डॉक्टर, एवढी गाडी सांभाळलीत, हे कशाला असं ठेवता?" तो म्हणाला. "नवं रेक्झिन चढवून देतो. माझ्यातर्फे."

नुकतीच उभी राहायला शिकलेली पोर पुढच्या सीटला धरून त्या डागावरच उभी होती, गुडघे वाकवून नाचत होती. रोहिणी काही बोलायच्या आत चांगुणा म्हणाली,

"नको भाऊ. ऱ्हाऊ द्या. माझा हाय तो."